हिवाळ्यातील एक रविवार : आसईच्या वाटेवर

इंग्लंडमध्ये हिवाळ्याचा शनिवार-रविवार आला म्हणजे शहरातील लोक मोटारी काढून खेड्यापाड्यांकडे वळतात. चार वाजण्याच्या सुमारास मावळणारा दिवस, वाटेतील एखादा जुना वाडा किंवा पडका किल्ला, आणि शेवटी खानावळीतील शेकोटीशी बसून गरम जेवण, एवढाच त्या सहलीचा संभार. आपल्याकडील हिवाळा त्याहून कितीतरी सुखाचा. तथापि लग्नमुंज, यात्रा किंवा कोर्टकचेरी यांवाचून सहकुटुंब घराबाहेर पडण्याची रीत आपल्या घरांत अजून म्हणावी तशी रुजलेली नाही. म्हणूनच गेल्या पौषात पिंपळगाव रेणुकाईस चुलत्यांच्या घरी असताना आम्ही जो एक रविवार काढला, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

हे पिंपळगाव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात आहे. गावाच्या नावातच देवी आहे. परंतु अलीकडे त्याची ख्याती देवीइतकीच हिरव्या मिरचीच्या बाजाराने झाली आहे. संक्रांतीच्या आगेमागे इकडे हवा मोठी सुरेख असते. सकाळी शेतांवर धुके, दुपारी पाठीला मानवेल असे ऊन, आणि जिकडे तिकडे ज्वारी नि हरभरा.

जायचे ठरले, पण कोठे जायचे यावर दोन दिवस खल झाला. काकूंचा ओढा राजूरच्या गणपतीकडे. तसे नसेल तर महानुभाव पंथाच्या जाळीच्या देवाला जावे असे त्यांचे म्हणणे. मुलांना अजिंठा हवा होता. परंतु अजिंठ्याला आता खासगी मोटारी फर्दापूरच्या फाट्यापाशीच थांबतात, पुढे सरकारी बसने जावे लागते, आणि मग पायऱ्या. काकांचे वय ८१. त्यांनी शांतपणे सांगितले, "मला आसई पाहायची आहे."

वहिनींना हे मुळीच रुचले नाही. "मामंजी, वर्षातून एक रविवार सगळे मिळून बाहेर पडायचे, तो आपल्याच पराभवाची जागा पाहायला?"

"सूनबाई, तीस वर्षे मी ती लढाई मुलांना शिकवली," काका म्हणाले. "जागा इथून हाकेवर, आणि मी एकदाही गेलो नाही. शिक्षकाला हे शोभते का?" यावर कोणी काही बोलले नाही.

वाटेत भोकरदनला केळणेच्या काठचे कातळात कोरलेले लहानसे लेणे पाहिले. ह्या गावाचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना दाने देणाऱ्यांत भोगवर्धनचे लोक होते, हे तेथील शिलालेखांवरून कळते. १९७० नंतरच्या दशकात येथे उत्खनन झाले, त्यात एक हस्तिदंती मूर्ती निघाली. इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. पाँपेई ज्वालामुखीच्या राखेखाली गेले इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे आपल्या या तालुक्याच्या गावाचा व्यापार तेव्हा कोठवर पोचत असेल, याचा विचार करावा. मुलांना मात्र लेण्यापेक्षा नदीतले डबके अधिक आवडले.

आसई गाव केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. १८०३ सालच्या २३ सप्टेंबरला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा ह्या बेचक्यात होत्या. त्यांत पोलमान नावाच्या जर्मन सेनानीच्या हाताखाली दहा हजारांच्या वर कवायती पायदळ, शंभराच्या घरात तोफा, आणि शिवाय अफाट घोडदळ. समोर दक्षिणेकडून जनरल वेलस्ली आला, तो याच्या अल्पांश फौज घेऊन. वाटाड्यांनी त्याला सांगितले की पलीकडे जायला जवळ उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तो केळणेच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर. (हे पिंपळगाव आसईजवळचे, रेणुकाईचे नव्हे.) दोन गावे अशी असतील तर मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने बांधला आणि तो खरा ठरला.

"यात त्याने मोठेसे काय केले?" वहिनी म्हणाल्या. "एका गावची लेक दुसऱ्या गावात दिलेली असणारच. कोणत्याही सासुरवाशिणीने सांगितले असते!"

काका खळखळून हसले. परंतु पुढचे सांगताना त्यांचा आवाज बदलला. उतार सापडला असे दिसताच पोलमानने सारी रांग नव्या दिशेला फिरवली. कवायतीवाचून हे साधत नाही. तोफांचा मारा इतका भयंकर होता की स्कॉटिश पलटणींपैकी ७४ वी जवळजवळ नाहीशी झाली. तोफखान्यावर इंग्रज चालून गेले तेव्हा काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि शत्रू पुढे जाताच उठून त्यांनी त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांची ठार, जखमी व बेपत्ता माणसे सुमारे १,६०० होती. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या गृहस्थाला म्हातारपणी विचारले की तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, तेव्हा त्याने एकच शब्द उच्चारला: आसई.

"मग आपण हरलो कसे, आजोबा?" धाकट्याने विचारले.

काकांनी कारणे सांगितली: यशवंतराव होळकर दूर राहिले, कंपनीच्या जाहीरनाम्यामुळे शिंद्यांचे इंग्रज अधिकारी ऐन वेळी नोकरी सोडून गेले, घोडदळ नीट लढले नाही. मग ते थांबले. "परीक्षेत मी दरवर्षी हाच प्रश्न घालीत असे. 'पराभवाची कारणे द्या.' तोफेपाशी मेलेल्यांविषयी एकदाही विचारले नाही. मला त्यांतले एकही नाव ठाऊक नाही. इंग्रज अधिकाऱ्यांची मात्र पाठ आहेत."

एवढे बोलून ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन पाण्यापर्यंत गेले आणि त्यांनी ओंजळ भरली. काकू हळूच म्हणाल्या, "अहो, ती माणसे कोण, कोठली? जात ना धर्म ठाऊक." त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. शिंद्यांच्या कवायती पलटणींत बहुतेक भरणा गंगा-यमुनेकडच्या हिंदू-मुसलमान शिपायांचा होता, बेगम समरूच्या पलटणीही त्या दिवशी तेथे होत्या. मराठी बोलणारे त्यांत थोडेच असतील.

"म्हणून तर," काका म्हणाले. "इतक्या लांबून आलेल्यांना इथे पाणी द्यायला कोण येणार?" त्यांनी तीनदा पाणी सोडले. मंत्र म्हटला की नाही, ते मला ऐकू आले नाही. वहिनींनी पदर डोक्यावरून घेतला होता, एवढे पाहिले.

परतताना ओळखीच्या शेतावर हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आगटीभोवती ऊब घेत, तिळाच्या चटणीबरोबर हातावर चोळलेला तो गरम हुरडा खाताना इंग्लंडच्या खानावळींची कोणाला आठवण व्हावी? काकू तर म्हणाल्या की पुढच्या रविवारी अजिंठाही करून टाकू. पायऱ्यांसाठी तेथे डोली मिळते.

काका हातातले कणीस झटकीत म्हणाले, "चालेल. आसईचे जखमी वेलस्लीने अजिंठ्याच्याच इस्पितळात पाठवले होते. तेव्हा आसईहून डोलीतून अजिंठ्याला जाणारा मी काही पहिला नव्हे."