वाळूची तपासणी

‘ग्रीन सँड’ हिरवी नसते, काळी असते. ग्रीन म्हणजे इथे ओली, न भाजलेली. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातली सिलिका वाळू, तिच्यात ८-१० टक्के कच्छची बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि ३-४ टक्के पाणी. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातल्या कितीतरी फाउंड्र्या अशा वाळूवर चालतात. माझे बाबा तिथल्याच एका छोट्या फाउंड्रीत २७ वर्षं मोल्डर आहेत. ते मूठभर वाळू दाबतात, मूठ उघडतात आणि गोळा मधोमध मोडतात. कडा शाबूत राहिल्या, हाताला माती चिकटली नाही, की पाणी बरोबर.

मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हीच वाळू आम्ही यंत्रांनी मोजली: ओलावा, ताकद आणि परमिएबिलिटी, म्हणजे वाळूतून वायू किती सहज निघून जातो ते. सुमारे १४०० अंश सेल्सिअसचं वितळलेलं लोखंड साच्यात पडलं की पाण्याची वाफ होते. तिला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. ही वाट बुजवते बारीक भुकटी. सिलिका वाळूतला क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतो. तीच वाळू पुन्हा पुन्हा वापरली की दाणे तडकतात, भुकटी वाढते. म्हणून ती काढून टाकायची आणि नवी वाळू मिसळायची, असं आम्ही शिकलो.

ती भुकटी जाते कुठे, हे मात्र अभ्यासक्रमात नव्हतं. ओली वाळू फारशी उडत नाही. पण ओतल्यानंतर साचा सुकतो आणि नॉकआउटला तो फोडताना धूळ उठते. त्यातले काही मायक्रॉनचे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षांनी सिलिकोसिस होतो. झालेली इजा भरून येत नाही. साच्याचा श्वास कोंडतो त्याच जातीची धूळ माणसाचाही श्वास कोंडते.

दुसऱ्या वाळू आहेत. ऑलिविनमध्ये मोकळा सिलिका जवळजवळ नसतो. झिरकॉन आणि क्रोमाइट उष्णतेनं फार कमी फुगतात. पण या महाग पडतात. पोलादाच्या जाड कास्टिंगला निदान धातूला लागणाऱ्या थरात तरी त्या वापरतात, कारण पृष्ठभाग खराब झाला तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं. धूळ ओढून घेणारी यंत्रणा नॉकआउटवर बसवता येते. बाबांच्या फाउंड्रीत ती नाही.

तिथे वाळूची तपासणी मात्र प्रत्येक पाळीत होते आणि वहीत नोंद राहते. कायद्यानुसार सिलिकोसिस आढळला तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे. पण कळवायचा तर आधी तो कुणीतरी शोधायला हवा.

दिवाळीत मी बाबांना म्हटलं, छातीचा एक्स-रे काढून घेऊ.

“कशाला? खोकला तर आमच्यात सगळ्यांनाच हाय,” ते म्हणाले.

म्हणजे एकट्या बाबांना दवाखान्यात नेऊन भागणार नाही.