समुद्राचं कपाट

इंटिरिअरच्या कामात फिश टँकची आठवण लोकांना सहसा शेवटी होते. सोफे आले, दिवे लागले, एक भिंत मोकळी दिसली की म्हणतात, "इथं टँक टाकू या." पुण्यातल्या एका दंतवैद्य बाईंनी मात्र पहिल्याच भेटीत सांगितलं, "वेटिंग रूममध्ये मला समुद्राचा टँक हवाय. मुलं खुर्चीत बसण्याआधीच रडायला लागतात." मला हायसं वाटलं. खाऱ्या पाण्याची टाकी मागाहून घुसडता येत नाही.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे 340 लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू आणि खालच्या सम्पमधलं, म्हणजे गाळणीच्या टाकीतलं, पाणी धरलं की वजन अर्ध्या टनाच्या घरात जातं. इमारत जुनी, म्हणून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून बीमवरची भिंत धरली. बाईंचा डोळा खिडकीजवळच्या कोपऱ्यावर होता. पण उन्हात शेवाळ माजतं, त्यामुळे तो सोडला.

खरं डिझाइन टाकीखालच्या कपाटाचं असतं. पाण्यातली घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर ओढून घेणारा स्किमर तिथं बसतो, आणि त्याचा कप वरून उचलून धुता यावा एवढी उंची लागते. क्लिनिकचा एसी रात्री आणि रविवारी बंद. पाणी तर 25-26 अंशांवर राहायला हवं, म्हणून चिलर आला. चिलर गरम हवा फेकतो, म्हणून कपाटाला मागून जाळी. खारे तुषार लोखंड खातात, म्हणून मरीन प्लाय आणि स्टेनलेसच्या बिजागऱ्या. पाहुण्यांना यातलं काहीच दिसत नाही, आणि बिल मात्र याचंच मोठं येतं.

सजावटीसाठी बाईंनी मोबाइलमध्ये फोटो जमवले होते: निळे खडे, खजिन्याची पेटी, रंगीबेरंगी प्रवाळ. पहिल्या दोन गोष्टींना मी अभिरुचीचा प्रश्न म्हणून नकार दिला. प्रवाळाचा प्रश्न कायद्याचा होता. खडक बांधणारी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोड्यांनाही तोच कायदा लागू. मग आम्ही सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घेतले. मागची काच काळी केली, तळाला पांढरी बारीक वाळू, आणि दगडांचे दोन ढीग, एक मोठा, एक लहान, मध्ये रिकामी वाट. ढीग मागच्या काचेपासून वीतभर पुढे ठेवले, म्हणजे प्रवाह फिरतो आणि काच पुसायचं चुंबकही जातं. त्या रिकाम्या वाटेमुळेच टाकी खोल वाटते. ती भरायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

"अलिबागहून कॅन भरून आणू का पाणी?" कंपाउंडरनं विचारलं. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, पावसाळ्यात तर त्याचा खारेपणाही उतरतो. आम्ही आरओच्या पाण्यात टाकीसाठी मिळणारं समुद्री मीठ कालवलं, लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे जवळपास बारा किलो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, हे कंपाउंडरला पटायला वेळ लागला.

त्यानंतर महिनाभराहून जास्त काळ टाकीत मासा नव्हता. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांत वसेपर्यंत मासे सोडले तर ते मरतात. पेशंट विचारायचे, "मासे गेले का हो?" रिसेप्शनवरची मुलगी वैतागून म्हणायची, "अजून आलेच नाहीत!" बाई ठाम राहिल्या, याचं मला कौतुक वाटतं.

शेवटी क्लाउनफिशची जोडी आली, हॅचरीत वाढलेली. सेंट्रल मरीन फिशरीज रिसर्च इन्स्टिट्यूटनं या माशांची पैदास जमवली आहे, त्यामुळे ते समुद्रातूनच पकडून आणायला हवेत असं नाही. सगळे क्लाउनफिश आधी नर असतात. जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. "निमो" म्हणून काचेला नाक लावणाऱ्या मुलांना हे बाई रंगवून सांगतात. रडणं पुष्कळ कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही.

तुमच्या ऑफिसात असा टँक करायचा असेल, तर सुट्टीच्या दिवशी येऊन थर्मामीटर पाहील आणि पाण्याची भर घालील असा माणूस आधी नक्की करा. काच त्यानंतर मागवा.