कोशिएनची काळी माती

जपानविषयीं आपल्याकडे जें लिहिलें जातें, त्यांत फुजी पर्वत, चेरीचा बहर, मिनिटास मिनिट सुटणाऱ्या आगगाड्या आणि क्योतोचीं मंदिरें यांचीं वर्णनें इतकीं येऊन गेलीं आहेत कीं, त्यांत आणखी भर घालण्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं. परंतु समाजाचें अंतरंग त्याच्या देवालयांपेक्षां त्याच्या करमणुकींत कधीं कधीं अधिक स्पष्ट दिसतें. पूजा करितांना माणूस सावध असतो. खेळतांना आणि गातांना तो स्वतःस विसरतो. २०२४ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां जपानांत होतों. तोक्योच्या निशिकासाई भागांत भारतीयांची मोठी वस्ती आहे; तेथें आमच्या भाच्याचें बिऱ्हाड आहे. त्या मुक्कामांत आम्हीं दोन स्पर्धा पाहिल्या. एक चेंडूफळीची, दुसरी गाण्याची. जिंकणाराचें कौतुक जगांत सर्वत्र होतें; परंतु हरणाराचें काय करावयाचें, याचा विचार या दोन स्पर्धांत जसा केलेला दिसला, तसा आम्हीं अन्यत्र क्वचितच पाहिला. तो वाचकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

बेसबॉल हा खेळ अमेरिकेचा. १८७२ सालीं होरेस विल्सन नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें तोक्योंतील आपल्या विद्यार्थ्यांस तो प्रथम शिकविला, असें मानितात. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांस त्याची कल्पना सहज येईल. चेंडू जमिनीवर न आपटतां थेट फलंदाजाकडे फेंकावयाचा. धांव काढावयाची ती चौकोनाच्या चार कोपऱ्यांस वळसा घालून. आणि तीन गडी बाद झाले कीं बाजू बदलावयाची. असे नऊ डाव. तोक्योच्या उएनो उद्यानांत एक लहानसें मैदान आहे व त्यास मासाओका शिकी या कवीचें नांव दिलेलें आहे. हायकूस अर्वाचीन रूप देणारा हा कवि. शिरीष पै यांनीं हायकू मराठींत रुजविल्यामुळें तो काव्यप्रकार आपल्याला परका राहिलेला नाहीं. परंतु त्या चिमुकल्या कवितेचा हा आचार्य या उद्यानांत बेसबॉल खेळत असे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. पुढें क्षयानें त्यास अंथरुणास खिळविलें आणि १९०२ सालीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, तो वारला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २००२ सालीं, जपानी बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें. तें कांहीं त्याच्या खेळांतील पराक्रमाबद्दल नव्हे, तर त्या खेळावर केलेल्या प्रेमाबद्दल आणि त्याच्या परिभाषेस जपानी शब्द दिल्याबद्दल. मैदानाच्या कुंपणापाशीं उभें असतांना आम्हांस वाटलें कीं, या देशांत खेळाचें नातें यशाहून आणखी कशाशीं तरी जडलेलें असावें.

तें कशाशीं, हें कोशिएन येथें समजलें. तोक्योहून आम्ही ओसाकास गेलों. तेथील उमेदा स्थानकावरून हान्शिन कंपनीच्या गाडीनें सुमारें पाव तासांत कोशिएन येतें. आपल्या पंचांगांत जसें साठ संवत्सरांचें चक्र आहे, तसेंच तिकडेहि आहे. आपलें चक्र प्रभवापासून सुरू होतें. त्यांच्या चक्रांतील पहिलें वर्ष १९२४ सालीं आलें, आणि त्याच वर्षीं बांधलेल्या या क्रीडागारास त्या वर्षाचेंच नांव मिळालें. शाळकरी मुलांची उन्हाळी स्पर्धा १९१५ पासूनची. ती १९२४ सालीं येथें आली. देशांतील सुमारें साडेतीन हजार शाळा तींत उतरतात. प्रांतोप्रांतींच्या सामन्यांतून ४९ संघ निवडून येथें येतात; ४७ प्रांतांचा प्रत्येकीं एक, आणि तोक्यो व होक्काइदो यांचे एकेक अधिक. जो संघ एकदां हरला तो घरीं गेला, असा नियम आहे.

ऑगस्टचें ऊन असें कांहीं तापलें होतें कीं, आम्हां दख्खनच्या माणसांसहि पदर आणि पंचा डोक्यावर घ्यावा लागला. या क्रीडागाराच्या उघडण्यापासून येथें करी-भात विकला जातो. हिंदुस्थानाशीं त्याचें असें दूरचें नातें आहे खरें, परंतु त्यांत गोमांस असल्यामुळें आम्हीं तो दुरूनच नमस्कारिला. त्याऐवजीं पिशवींत भरून मिळणारे बर्फाचे खडे घेतले. ते आधीं मानेवर ठेवावयाचे आणि वितळले म्हणजे तेंच पाणी नळीनें प्यावयाचें, अशी तेथील रीत आहे. एवढ्यांत जुन्या गिरणीच्या भोंग्यासारखा दीर्घ भोंगा झाला आणि सामना सुरू झाला. मैदानाच्या मध्यभागीं गवत नाहीं. तेथें काळी माती आणि वाळू यांचें मिश्रण घातलेलें असतें. पांढऱ्या पोशाखांतील मुलें तिच्यावर अंग झोंकून देत आणि क्षणार्धांत काळीं होऊन उठत.

शेवटचा गडी बाद होतांच पुन्हां भोंगा वाजला. दोन्ही संघ समोरासमोर रांगेनें उभे राहिले आणि एकमेकांस वांकून नमस्कार करिते झाले. मग जिंकलेल्या शाळेचें शालागीत सर्व क्रीडागारास ऐकविण्यांत आलें. याच २०२४ सालच्या स्पर्धेचें अजिंक्यपद क्योतोच्या एका शाळेनें मिळविलें; ती शाळा कोरियन रहिवाशांनीं स्थापिलेल्या शाळेंतून वाढलेली असल्यामुळें तिचें गीत कोरियन भाषेंत आहे. त्यावर कांहीं लोकांनीं कुरकुर केली. परंतु गीत मात्र त्याच भाषेंत आणि तितक्याच मानानें वाजलें.

आमच्या सामन्यांत हरलेलीं मुलें आपल्या शाळेच्या प्रेक्षकांपुढें जाऊन वांकलीं, तेव्हां तीं हुंदके देत होतीं. नंतर तीं गुडघे टेकून बसलीं आणि ओंजळींनीं मैदानांतील काळी माती लहान लहान पिशव्यांत भरूं लागलीं. भाचा म्हणाला, “मामी, ही माती तीं घरीं नेतात आणि जन्मभर जपून ठेवितात. साडेतीन हजार शाळांपैकीं एक सोडली तर बाकी प्रत्येकीचा शेवटचा सामना हरण्याचाच असतो.” मामींनीं चष्मा काढून पुसला आणि कांहीं बोलल्या नाहींत. आमच्याहि मनांत हिशेब उमटला. ज्या खेळांत एक जिंकतो आणि बाकी सगळे हरतात, त्या खेळाचें मुख्य शिक्षण जिंकण्याचें कसें असेल? तें हरण्याचेंच असलें पाहिजे.

या मातीची एक हकीकत तिकडे सर्वतोमुखीं आहे. १९५८ सालीं ओकिनावा बेटांतील शुरी येथील शाळेचा संघ कोशिएनला आला. युद्धानंतर तीं बेटें अमेरिकेच्या अंमलाखालीं होतीं. संघ पहिल्याच सामन्यांत हरला आणि मुलांनीं इतरांप्रमाणें माती बरोबर घेतली. परंतु ओकिनावाच्या बंदरांत ती परदेशची माती ठरली. वनस्पतिरोगांच्या प्रतिबंधाचा कायदा पुढें करून अधिकाऱ्यांनीं ती काढून टाकविली. ही वार्ता ऐकून जपानी विमान कंपनींतील परिचारिकांनीं कोशिएन येथील खडे गोळा करून त्या शाळेस पाठविले. खड्यांस मातीचा कायदा लागत नव्हता. ते खडे बसविलेलें स्मारक त्या शाळेंत आहे. १९७२ सालीं ओकिनावा जपानास परत मिळालें, आणि २०१० सालीं तेथील एका शाळेनें उन्हाळी अजिंक्यपदहि पटकाविलें. परंतु लोक अजूनहि सांगतात ती गोष्ट हरलेल्या मुलांच्या खड्यांचीच.

या स्पर्धेस दुसरी बाजू नाहीं असें मात्र नाहीं, आणि ती लपविणें योग्य होणार नाहीं. २०१८ सालीं उत्तरेकडील अकिता प्रांतांतील एका शेतकी शाळेच्या मुलानें या एकाच स्पर्धेंत ८८१ चेंडू टाकले, आणि अंतिम सामन्यांत त्याचा संघ हरला. देशानें त्याचें कौतुक केलें. परंतु वाढत्या वयाच्या हाताचें काय, असा प्रश्न वैद्यांनीं आणि पालकांनीं विचारला. २०२० पासून एका गोलंदाजानें आठवड्यांत पांचशेंहून अधिक चेंडू टाकूं नयेत असा नियम झाला. डोकें तासण्याची जुनी शिस्तहि सैल होत आहे. केस राखणाऱ्या केइओ शाळेच्या मुलांनीं २०२३ सालीं, १०७ वर्षांच्या अंतरानें, आपलें दुसरें अजिंक्यपद मिळविलें. मुलींच्या शाळकरी स्पर्धेचा अंतिम सामना या मैदानावर प्रथम झाला तो २०२१ सालीं. पराभवास मान द्यावा, परंतु त्यासाठीं मुलांच्या शरीराचा बळी देऊं नये, हें तेथील समाजहि आतां शिकत आहे.

तोक्योस परतल्यावर एका रविवारीं आम्ही पानांवर बसलों असतां भाच्यानें दूरचित्रवाणी लाविली. सव्वाबारा वाजले होते आणि ‘नोदो जिमान’ सुरू होत होतें. गळ्याचा अभिमान, असा त्याचा अर्थ. जानेवारी १९४६ मध्यें, देश युद्धानें होरपळलेला असतांना, तेथील नभोवाणीनें आपला ध्वनिक्षेपक सामान्य माणसांपुढें ठेविला आणि ज्यास गावेंसें वाटेल त्यानें गावें असें आवाहन केलें. तोच हा कार्यक्रम. तो गांवोगांवीं हिंडतो. शनिवारीं निवड होते व रविवारीं निवडलेलीं माणसें थेट प्रक्षेपणांत गातात. निर्णय शब्दांनीं दिला जात नाहीं. नळ्यांच्या घंटांवर दिला जातो. एकच टोला पडला तर अनुत्तीर्ण, दोन पडले तरी अनुत्तीर्ण, आणि घंटांची पूर्ण सुरावट वाजली तर उत्तीर्ण.

त्या दिवशीं एक वृद्ध गृहस्थ रंगमंचावर आले. दुसऱ्याच ओळीवर त्यांचा सूर घसरला आणि एकच टोला पडला. आम्हांस चुटपुट लागली. परंतु ते स्वतः मोठ्यानें हंसले, सूत्रधारानें त्यांची विचारपूस केली, आणि ते मागच्या आसनावर जाऊन पुढच्या मुलीच्या गाण्यास टाळ्या देऊं लागले. कारण येथें हरलेला रंगमंच सोडीत नाहीं. सगळे गायक आरंभापासून अखेरपर्यंत मागें एकत्र बसतात आणि निकालाच्या वेळीं एकत्रच उभे राहतात.

घंटेचा निर्णय अखेरचा नसतो, याचाहि दाखला याच कार्यक्रमांत आहे. १९४६ सालीं नऊ वर्षांची एक मुलगी त्यांत गायिली. मुलीनें मोठ्या माणसासारखें गाणें हें परीक्षकांस रुचलें नाहीं आणि ती उत्तीर्ण झाली नाहीं. तीच पुढें मिसोरा हिबारी या नांवानें जपानची सर्वांत लोकप्रिय गायिका झाली, आणि १९८९ सालीं तिच्या निधनानंतर राष्ट्रीय सन्मानाचा पुरस्कार मिळविणारी पहिली स्त्रीहि तीच ठरली. उलटपक्षीं, १९७१ ते १९८३ पर्यंत चाललेल्या ‘स्टार तान्जो’ या दुसऱ्या कार्यक्रमांत अंतिम फेरीच्या वेळीं गायनव्यवसायांतील कंपन्यांचे प्रतिनिधि समोर बसत. ज्यास उमेदवार हवा असेल तो आपला फलक वर करी. एकहि फलक वर झाला नाहीं तर उमेदवारानें निमूटपणें जावें. त्यांतून यामागुचि मोमोएसारख्या मोठ्या गायिका निघाल्या, हें खरें. परंतु ती गुणांची पारख असली तरी बाजारहि होता. ‘स्टार तान्जो’ बंद होऊन चाळीस वर्षें झालीं. ‘नोदो जिमान’ आम्हीं पाहिला तेव्हां त्यास ७८ वर्षें झालीं होतीं.

आपल्याकडेहि १९९५ च्या ‘सा रे ग म’ पासून गाण्याच्या स्पर्धा घरोघर पोंचल्या आहेत, आणि २००८-०९ च्या मराठी ‘लिटिल चॅम्प्स’नें तर आजीआजोबांसहि रात्रीचीं जेवणें लवकर उरकावयास लाविलें. त्यांनीं चांगले गळे पुढें आणिले यांत शंका नाहीं. परंतु एखादें मूल बाद होतें, तेव्हां मागें गंभीर वाद्यें वाजतात, त्याचे अश्रु जवळून दाखविले जातात, आणि पुढच्या आठवड्यांत त्याचें आसनच तेथें नसतें. घरांतूनहि आपण निराळें काय करितों? आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित कुटुंबांत दहावीच्या निकालानंतर महिनाभर कोणी दार नीट उघडलें नाहीं. मुलगा नापास झाला नव्हता. अपेक्षेहून थोडे गुण कमी पडले होते, एवढेंच. शेजाऱ्यांनीं पेढ्यांची वाट पाहिली, ते आले नाहींत, आणि त्यावरून सर्वांनीं काय तें ओळखलें.

यशासाठीं आपल्याजवळ पेढे आहेत, आरती आहे, सत्कार आहेत. गर्भाधानापासून अंत्येष्टीपर्यंत सोळा संस्कार आपल्या शास्त्रांनीं सांगितले. परंतु प्रामाणिक प्रयत्नानंतर आलेल्या अपयशासाठीं आपल्या घरांत एकहि रीत नाहीं. त्यामुळें हरलेलें मूल आपल्या दुःखासह एकटें पडतें. कोशिएनची ओंजळभर माती म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून अशी एक रीत आहे. ‘मी येथवर आलों होतों’ एवढेंच ती सांगते. २०२० सालीं महामारीमुळें स्पर्धाच रद्द झाली, तेव्हां तेथील व्यावसायिक संघानें आणि क्रीडागारानें मिळून शेवटच्या वर्षांतील शाळकरी खेळाडूंस तीच माती किल्लीच्या छल्ल्यांत भरून दिली. खेळावयासहि न मिळालेल्या मुलांचा विसर पडूं नये, हें ज्यांस सुचलें त्यांचें आम्हांस मनापासून कौतुक वाटतें.

आपल्या घरीं ती रीत कोणत्या स्वरूपाची असावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. निकालाच्या संध्याकाळीं, गुण कांहींहि पडोत, सर्वांनीं मिळून मुलाच्या आवडीचें जेवण करावें. वर्षभर झिजलेली त्याची लेखणी आजीनें देवघरांत ठेवावी. एवढेंहि पुरेसें होईल. पेढे मात्र केवळ पहिल्या आलेल्यांचेच असूं नयेत. पहिला एकच येतो. आणि घर चालतें, गांव चालतो, देश चालतो तो बाकीच्यांच्या बळावर.