टाकी चांगली, पाइप घातकी

आम्ही मित्रांनी जुन्या बसचे फिरते घर केले. मी डॉक्टर, म्हणून टाक्या निवडायचे काम माझ्याकडे आले. पिण्याच्या पाण्यासाठी 200 लिटरची फूड ग्रेड टाकी घेतली. तोंड मोठे, आत हात घालून घासता येईल असे. सांडपाण्याची आणि संडासाची टाकी वेगळी.

पहिल्याच सहलीत मात्र संडासाची टाकी ज्या पाइपाने धुतली, त्याच पाइपाने मी पिण्याचे पाणी भरले. तिसऱ्या दिवशी चौघांना जुलाब! रुग्णांना रोज स्वच्छता शिकवणारा मी, मान खाली घालून ओआरएस कालवत बसलो.

आता पिण्याच्या पाण्याचा पाइप निळा, वेगळ्या कप्प्यात ठेवलेला. तुम्हीही टँकरचे पाणी घेताना पाइपाचे तोंड आधी कुठे पडले होते, ते जरूर बघा.