पाण्याला लागलेले विरजण

वाचकहो, पाणी भरले की काम झाले, असे मी जन्मभर समजत आलो. बीड जिल्ह्यातल्या माणसाने तसे समजावे यात नवल नाही. आमच्याकडे पाणी मिळवणे हेच मोठे काम. ते मिळाल्यावर पुढचा विचार करायला उसंत कुणाला? पण ही समजूत मला महागात पडली. कशी ती सांगतो.

आम्ही शेततळे खोदले. वरून तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि बाजूंना उतार. असे तळे तुडुंब भरले तर जवळजवळ बावीस लाख लिटर पाणी मावते. प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पावसाने बोअरला जोर आला तशी मोटार लावली. ज्या आठवड्यात तळे भरले, त्याच आठवड्यात कटला, रोहू आणि मृगळाची हजारभर बोटुकली आणली आणि पिशव्या थेट पाण्यात रिकाम्या केल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे तळ्याच्या कडेला पांढरी रेघ दिसली. जवळ जाऊन पाहतो तर सगळे मेलेले मासे. घरच्यांनी कुणी जेवण केले नाही. मी मात्र बीज देणाऱ्याला चार शब्द सुनावून मोकळा झालो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या पुतण्याला बीड शहरात एक काम मिळाले. काचेच्या टाक्यांत मासे ठेवण्याचा धंदा तो पुण्यात शिकून आला आहे. एका घराच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी मांडायची होती. "तात्या, हाताखाली माणूस पाहिजे, चला," म्हणाला. गेलो.

शाळेच्या सहलीत मी मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली उभे राहिलेले ते मत्स्यालय, रस्ता ओलांडला की समुद्र. बीडपासून समुद्र सरळ रेषेत धरला तरी तीनशे किलोमीटर. मग इथे समुद्र आणायचा कुठून? पुतण्या हसून म्हणाला, "आणायचा नाही, तयार करायचा."

टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच. तिच्यात हजार लिटर पाणी, म्हणजे दहा क्विंटलांहून जास्त वजन. म्हणून आधी लोखंडी घोडी पाणसळीत बसवली. एक पाय जरी खाली गेला तरी काच तडकायची. मग साधे पाणी भरून एक दिवस गळती पाहिली. ते पाणी गटारात सोडायला माझे मन धजेना. बादल्यांनी वाहून परसातल्या नारळाला आणि लिंबाला घातले.

दुसऱ्या दिवशी फिल्टरचे शुद्ध पाणी भरले. त्यात लिटरला पस्तीस ग्रॅम याप्रमाणे पस्तीस किलो मीठ. पण हे मीठ स्वयंपाकाचे नव्हे. समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, गंधकाचे क्षारही असतात. ते सगळे मिसळलेले मीठ पिशव्यांत मिळते. पंप चालू ठेवून थोडे थोडे टाकले. दूध संकलनावर लॅक्टोमीटर बुडवतात, तसली एक नळी त्याने बुडवली. काटा १.०२५ वर आला. वाळू पसरली, दगड रचले. खरे प्रवाळ ठेवता येत नाही, कायद्याने त्याला संरक्षण आहे.

संध्याकाळपर्यंत पाणी आरशासारखे नितळ झाले. मी विचारले, "मासे कधी सोडायचे?"

"तात्या, हा समुद्र अजून कच्चा आहे. महिना-दीड महिना थांबायचे."

मला हसू आले. इतक्या स्वच्छ पाण्यात आणखी काय पिकायचे? तेव्हा त्याने समजावले. माशांच्या श्वासातून, विष्ठेतून आणि उरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो माशांना विष. तो खाणारे जिवाणू वाळूत, दगडांवर वाढले की त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते फारसे बाधत नाही. शेतकरी बंधूंनो, हे ऐकून मी चमकलो. आपण कपाशीला युरिया घालतो, त्याचा मातीत असाच अमोनिया आणि पुढे नायट्रेट होते, तेव्हा कुठे मुळे ते भरपूर उचलतात. तीच रीत, फक्त मातीऐवजी पाण्यात.

पुतण्याने टाकीत चिमूटभर खाद्य कुजायला टाकले आणि पुण्याच्या एका जुन्या, चांगल्या चालणाऱ्या टाकीतली ओंजळभर वाळू मिसळली. मी म्हटले, "हे तर विरजण!" तो म्हणाला, "अगदी तेच."

पुढे तालुक्याच्या कामाला गेलो की मी तिथे डोकावत असे. परीक्षानळीत थेंब टाकून तो रंग पाही. आधी अमोनिया चढला, मग उतरला. नायट्राइट चढले, तेही उतरले. पाचव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. मग थोडे पाणी बदलून त्याने दोनच मासे सोडले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले. बाकीचे हळूहळू.

जाताना त्याने मालकीणबाईंना एक गोष्ट बजावली. टाकीतले पाणी उडून कमी झाले तर वर गोडे पाणीच घालायचे, कारण पाणी उडते, मीठ मागे राहते. मला आमचा खालचा पट्टा आठवला. वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी दिले, पाणी उन्हाने उडाले, क्षार राहिले आणि जमीन खारवट झाली.

घरी आलो आणि तळ्याकाठी बसून विचार केला. जमिनीच्या पोटातून आलेल्या पाण्यात प्राणवायू थोडा असतो. कागदाच्या तळ्याला माती नाही, म्हणून त्यात माशांचे बारीक खाद्य आपोआप लवकर होत नाही. वर प्रवासाने दमलेली पिल्ले मी एकदम वेगळ्या पाण्यात ओतली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत. दोष बीजाचा नव्हताच.

पुढच्या पावसाळ्यात शेणाची पातळ रबडी थोडी थोडी सोडली आणि वाट पाहिली. पंधराएक दिवसांत पाण्याला फिकट हिरवी झाक आली. कोपरापर्यंत हात बुडवला की तळवा दिसेनासा झाला, तेव्हा बोटुकली आणली. पिशव्या तोंड बांधूनच वीस मिनिटे तळ्यात तरंगू दिल्या, मग तळ्याचे पाणी त्यांत थोडे थोडे घातले, आणि मासे आपल्या पायी निघावेत तसे बाहेर पडू दिले. चौथ्या दिवशी पहाटे मी कडेकडेने पूर्ण फेरी मारली. कुठेही पांढरी रेघ नव्हती.

त्याच दिवशी बीज देणाऱ्याकडे गेलो आणि मागे बोललो त्याची माफी मागितली. तो चहा मागवून म्हणाला, "तात्या, बहुतेक जण माफी मागायला येत नाहीत."

तेव्हा वाचकहो, मोटार लावून तळे भरता येते. ते पिकायला मात्र दिवस द्यावे लागतात. विरजण लावल्यावर आपण मडके हलवत बसत नाही, तेवढा धीर पाण्यालाही द्यावा.