शिवणीतली माया

गेल्या महिन्यात आईचे सहा ब्लाउज घेऊन मी अण्णांच्या मशीनपुढे बसले. आजारपणात आईचे अंग निम्म्यावर आले आहे आणि ब्लाउज खांद्यावरून ओघळू लागले आहेत. नवे शिवून आणू म्हटले, तर म्हणाली, "हे त्यांनी शिवलेत. नुसते आत घाल." आत घालायचे, म्हणजे कडेच्या शिवणीच्या आतल्या बाजूने आणखी एक टीप मारायची. एका ब्लाउजला दहा मिनिटे पुरतात. मला तीन दिवस लागले, आणि त्यातले बरेचसे कोणता टाका घालावा हे ठरवण्यात गेले.

अण्णा शिंपी होते. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर दुकान. शर्ट-पँट हा मुख्य धंदा. बायकांचे कपडे ते घरच्यांपुरतेच शिवत. काज-बटण आणि हेम आईकडे असे, आणि बॉबिन भरणे, कच्चे दोरे उपटणे, जमिनीवर सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने वेचणे हे माझ्याकडे. पुढे मी मराठी घेऊन एम.ए. झाले, प्राध्यापकी लागली. प्रबंधिका लिहीत असताना 'अजून टिपा राहिल्यात' असे मी घरी म्हणत असे, तेव्हा अण्णा चष्म्यावरून पाहून विचारीत, "एकेरी का दुहेरी?" शिवणाऱ्याची टीप दोन कापडे धरून ठेवते, आमच्या तळटिपा काय धरून ठेवतात, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, एवढे उपकार.

मशीनची टीप म्हणजे काय, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी नीट पाहिलेले असते. तांदळाच्या पोत्याच्या तोंडाचा दोरा योग्य टोकाकडून ओढला, की सगळी शिवण सरसर निघून येते. ती साखळीची शिवण. तीत बहुधा एकाच दोऱ्याचा फास पुढच्या फासात अडकवलेला असतो, त्यामुळे एक सुटला की सगळे सुटतात. पोते उघडण्यासाठीच शिवलेले असते, तेव्हा तिथे हाच टाका शहाणपणाचा. घरच्या मशीनला मात्र दोन दोरे लागतात. सुईच्या टोकापाशी असलेल्या छिद्रातून वरचा दोरा कापडाखाली उतरतो, तिथे त्याचा फास होतो आणि खालच्या बॉबिनचा दोरा त्यातून जातो. दोघांची गाठभेट कापडाच्या दोन थरांच्या मधोमध व्हावी लागते. वरचा दोरा फार ताणलेला असेल, तर खालचा वर डोकावतो. सैल असेल, तर उलट्या बाजूला वेटोळी दिसतात. अण्णा नव्या कापडाला हात घालण्यापूर्वी त्याच कापडाच्या चिंधीवर टीप मारून दोन्ही बाजू बघत. ही चिंधी चुकवलेली मी त्यांना कधी पाहिली नाही.

या दुहेरी टाक्याच्या यंत्राचे अमेरिकेतले पेटंट एलियास हाउ याने 1846 साली घेतले आणि सिंगरने आपले 1851 साली. यंत्रांविषयी एवढे साशंक असलेल्या गांधीजींनी 1924 सालच्या एका संभाषणात सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहवेनात म्हणून त्याने ते केले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचे चरित्र पाहता ही गोष्ट खरी मानणे अवघड आहे. अण्णांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "असू दे. मशीन तर चांगलं आहे ना?"

असो. टाका कापड ठरवते, आपण नव्हे, हा त्यांचा सिद्धान्त. साध्या सुती कापडाला चौदा नंबरची सुई आणि इंचाला दहाएक टाके. रुबियासारख्या तलम कापडाला अकराची सुई, टाके बारा. जीनला सोळा किंवा अठरा, टाके सात-आठ. टाका जितका लहान तितकी शिवण पक्की, ही समजूत त्यांच्या मते अर्धवट. प्रत्येक टाका म्हणजे कापडाला पाडलेले एक छिद्रही असते; जुन्या, विरलेल्या कापडाला बारीक टाके घातले तर ते टिपेच्या रेषेवरच फाटते, जणू आपणच ते फाडण्यासाठी आखून दिले. जिथे ताण येणार, तिथे टाके न वाढवता टीप दुसऱ्यांदा फिरवायची. पँटच्या बैठकीला ते न चुकता दोनदा टीप घालीत.

त्यांची हार व्हायची ती होजियरीपुढे. कापड ताणते आणि सरळ टीप ताणत नाही, त्यामुळे टी-शर्ट डोक्यातून घालताना दोरा तटकन तुटायचा. दहा वर्षांपूर्वी मी विजेवरचे मशीन घेतले, तेव्हा त्यातली नागमोडी टीप पाहून ते हरखले. नागमोडी दोरा कापडाबरोबर थोडा लांबतो, म्हणून तुटत नाही. त्या मशीनमधले वीस-बावीस टाके त्यांनी एका दुपारी चिंधीवर घालून पाहिले आणि निकाल दिला, "कामाचे तीन. बाकी नक्षी." काही समीक्षाग्रंथ वाचताना मला ती चिंधी आठवते.

तर आईचे ब्लाउज. पाच रुबियाचे, एक खणाचा. उलटे केले, तर प्रत्येक शिवणीच्या आत भरपूर माया. शिवणीपलीकडे जादा सोडलेल्या कापडाला शिंप्यांच्या भाषेत माया म्हणतात. वर्गात कधी हा शब्द सांगितला की मुले हसतात आणि मग थोडी गप्प होतात. अण्णांनी दोन्ही कडांना इंचभर सोडली होती. बाई माणूस वयानुसार भरते, असा त्यांचा हिशेब. बारीक होण्याचा हिशेब त्यात नव्हता.

आता आत घालायचे म्हणजे त्यांची टीप मायेत जाणार आणि माझी पुढे येणार. माया दोन इंचांच्या घरात गेली. आईची कातडी हल्ली इतकी नाजूक झाली आहे, की कापडाची एवढी घडी काखेत टोचेल. कापून टाकणे सोयीचे होते. पण कापली, की अण्णांची टीपही चिंध्यांत गेली आणि ब्लाउज पुन्हा कधी सैल करता येणार नाही. डॉक्टर म्हणाले आहेत, वजन वाढू शकते. कात्री दोनदा हातात घेऊन मी खाली ठेवली. इंचाला बारा टाके घातले, तर ही मापे कायमची आहेत असे मीच लिहून दिल्यासारखे होणार होते.

शेवटी मशीनची दांडी खाली केली. तिच्याजवळचे आकडे केव्हाच पुसले गेले आहेत, म्हणून चिंधीवर टीप मारून फूटपट्टीने मोजले. इंचाला सहा. एवढा लांब टाका एरवी कच्च्या शिवणीला घालतात. ताण आला तर तो टिकत नाही. पण ताण येणार कुठून? पाचही ब्लाउज त्याच टाक्याने आत घातले, माया दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री फिरवली आणि टोचू नये म्हणून हाताने हेम घालून ती बसवली. हेमालाच जास्त वेळ गेला. खणाच्या ब्लाउजपाशी अडले. त्याचे रेशीम जुने झाले आहे आणि रेशमात सुईचे छिद्र एकदा पडले की बुजत नाही.

संध्याकाळी आईने एक ब्लाउज उलटा करून मांडीवर घेतला. माझ्या टिपेवरून नख फिरवले.

"इंचाला किती?"

"सहा."

ती काही बोलली नाही. हेमाखाली बोटाने चाचपत अण्णांची टीप शोधली, ती सापडल्यावर बोट तिथेच थांबले.

"उसवायला सोपं जाईल," ती म्हणाली. मग उशीशी सरकून बसली. "खणाचा माझ्याकडे दे. त्याला मशीन नको, धावदोरा पुरे. आणि सुई ओवून दे मला, ते काही आता दिसत नाही."