स्वच्छ झाडलेले रिकामे घर

आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन तरुणाच्या आग्रहावरून 'स्टोक्ड' हा अमेरिकन माहितीपट मी अलीकडेच पाहिला. हेलन स्टिकलर या दिग्दर्शिकेने तो २००२ साली पूर्ण केला. चाके लावलेल्या फळीवर उभे राहून कसरती करणाऱ्या, म्हणजेच स्केटबोर्डिंग करणाऱ्या मार्क रोगोव्स्की या खेळाडूची ही कथा आहे. 'गेटर', म्हणजे मगर, या टोपणनावाने तो ओळखला जाई. मला त्या खेळाचे काहीच ज्ञान नव्हते. तरीही चित्रपट संपल्यावर माझे मन बराच काळ अस्वस्थ राहिले. त्याचे कारण खेळात नव्हते. ज्या विषयाशी आम्हा धर्मगुरूंचा रोजचा संबंध येतो, त्या पश्चात्तापाच्या विषयात ते होते.

मार्कचा जन्म १९६६ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. आईवडील विभक्त झाल्यावर तो कॅलिफोर्नियातील एस्कॉन्डिडो या गावी वाढला. सातव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या पायांखाली फळी आली आणि पुरते मिसरूड फुटण्याआधीच तो व्यावसायिक खेळाडू बनला. त्या काळी हा खेळ अर्धगोलाकार उंच लाकडी उतारांवर चाले. एका काठावरून घसरत खाली यायचे, समोरच्या काठावरून हवेत झेपावायचे आणि अंगाला झोका देऊन पुन्हा फळीवर उतरायचे. या हवेतल्या भराऱ्यांमध्ये गेटरचा हातखंडा होता. 'व्हिजन' नावाच्या कंपनीने त्याच्या नावाच्या फळ्या बाजारात आणल्या. फळ्यांमागून कपडे, भित्तिपत्रे आणि चित्रफिती आल्या. विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाच्या हातात अमाप पैसा खेळू लागला.

टोनी हॉक आणि स्टीव्ह कॅबलेरो यांच्यासारखे त्याचे समकालीन या चित्रपटात बोलतात. त्यांच्या आठवणींतून एक गोष्ट लक्षात येते. या मुलाच्या कौशल्याइतकाच त्याचा उद्दामपणाही विकला जात होता. तो जितका बेताल वागे, तितक्या टाळ्या पडत. 'बाळा, थांब' असे म्हणणारे वडीलधारे माणूस त्या गर्दीत फारसे दिसत नाही.

ऐंशीचे दशक सरता सरता हवा पालटली. उंच उतार बांधायला खर्च फार येई. नव्या पिढीची मुले रस्त्यावरच्या पायऱ्या, कठडे आणि पदपथांचे काठ यांवरच खेळू लागली. हवेत झेपावणारे वीर वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षीच जुने ठरले. मात्र पुढे जे घडले त्याचे खापर या पडत्या काळावर फोडता येणार नाही. टोनी हॉकलाही त्या काळाची झळ बसली होती. तो खेळत राहिला, टिकला आणि पुढे मोठा झाला. अपयशाने माणूस उघडा पडतो, खुनी होत नाही.

१९८९ साली पश्चिम जर्मनीच्या दौऱ्यावर असताना गेटर दारूच्या नशेत खिडकीतून खाली पडला आणि गंभीर जखमी झाला. मरणाच्या दारातून परतलेल्या या तरुणाने दारू सोडली, ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि नावही बदलून 'मार्क अँथनी' असे घेतले. तो इतरांना उपदेश करू लागला. अशा कथा आपण प्रार्थनासभांतून अनेकदा ऐकतो. तेथे त्या येथेच संपतात आणि आपण टाळ्या वाजवून घरी जातो.

ही कथा येथे संपत नाही. त्याची प्रेयसी त्याला सोडून गेली. मार्च १९९१ मध्ये तिच्या ओळखीची एक विशीतली तरुणी त्याला भेटली. प्रेयसीवरचा सारा राग त्याने या निरपराध मुलीवर काढला. कार्ल्सबाड येथील आपल्या घरी त्याने तिच्यावर अत्याचार केला, तिचा खून केला आणि प्रेत दूर वाळवंटात नेऊन पुरले. पुढच्या महिन्यात ते सापडले, तेव्हा ओळख पटण्याच्या पलीकडे गेले होते. मे महिन्यात त्याने आपल्या परिचयातील एका धर्मोपदेशकाजवळ आणि मग पोलिसांजवळ गुन्हा कबूल केला. १९९२ साली न्यायालयात अपराध मान्य केल्यावर त्याला किमान एकतीस वर्षे ते आजन्म कारावासाची शिक्षा झाली.

म्हणजे खून झाला तो परिवर्तनानंतर! हा काटा सहज निघणारा नाही. 'त्याचे परिवर्तन ढोंगी होते' असे म्हणून आपली सुटका होत नाही, कारण कोणाचे अंतःकरण तपासण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. मला प्रभू येशूचा तो दाखला आठवतो. भूत घरातून निघून जाते, घर झाडून स्वच्छ करतात, पण रिकामे ठेवतात आणि ते भूत आपल्याहून दुष्ट अशी आणखी सात भुते घेऊन परतते. दारू गेली, नाव बदलले, पण क्रोध, मालकीहक्काची भावना आणि सतत टाळ्या ऐकण्याची सवय यांच्या जागी घरात कोणी राहायला आले का? जुन्या व्यासपीठावरून उतरलेल्या तरुणाला लगेच दुसरे व्यासपीठ मिळाले, एवढेच मला दिसते. माझ्या धर्मग्रामात नव्याने व्यसनमुक्त झालेल्या तरुणाला मी पहिले वर्षभर साक्ष द्यायला उभा करीत नाही. मिस्सानंतर बाके लावायला आणि आजाऱ्यांच्या घरी फळे पोहोचवायला सांगतो. काही जण रुसतात. जे टिकतात, त्यांचे घर हळूहळू भरते.

दुसरा विचार कबुलीचा. आपल्या पापनिवेदनाच्या संस्कारात धर्मगुरूचे ओठ कायमचे बंद असतात. तो पोलिसांकडे जाऊ शकत नाही; 'तू स्वतः जा' असे कळवळून सांगू मात्र शकतो. गेटरने ज्याला सांगितले तो आपल्या अर्थाने पापनिवेदन ऐकणारा नव्हता. पण सेमिनरीत शिकलेले तत्त्व येथेही लागू पडते. अनुताप, निवेदन आणि भरपाई या तिन्हींनी प्रायश्चित्त पुरे होते. जक्कयने चौपट परत केले. खुनी माणूस काय परत करणार? तो फक्त शिक्षा टाळण्याचा हक्क सोडू शकतो.

तुरुंगात छायाचित्रणाला परवानगी नसल्यामुळे चित्रपटात त्याचा आवाज फक्त दूरध्वनीवरून ऐकू येतो. पुढे २०१९ साली पॅरोल मंडळाने त्याच्या सुटकेस अनुकूल निर्णय दिला, पण २०२० मध्ये राज्यपालांनी तो फिरवला. माझे मत कोणी विचारले तर मी म्हणेन, क्षमा आणि सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवाच्या दयेला तुरुंगाच्या भिंती अडवीत नाहीत. क्रुसावरच्या पश्चात्तापी चोराला स्वर्गाचे वचन मिळाले, पण त्याला क्रुसावरून खाली उतरवले गेले नाही.

चित्रपटाच्या पूर्ण शीर्षकात 'गेटरचा उदय आणि ऱ्हास' असे शब्द आहेत. त्या मुलीच्या वाट्याला ना उदय आला, ना ऱ्हास. तिचे आयुष्य सुरू होता होताच संपवले गेले. पाप्याच्या परतीची कथा आपल्याला इतकी मोहवते की ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आपल्याला विसर पडतो. म्हणून घरातील मोठ्यांना एक विनंती करतो. मुलांबरोबर हा माहितीपट पाहणार असाल तर नंतर गेटरविषयी जरूर बोला, पण आधी तिच्याविषयी बोला. आणि संध्याकाळच्या रोझरीत एक रहस्य तिच्यासाठी आणि तिच्या आईवडिलांसाठी म्हणा.